पुस्तक ऑनलाइन आहे, मग काकांना वाचता का येत नाही?

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या वाचनालयात एक काका येतात. रेल्वेत नोकरी झाली, निवृत्तीनंतर काचबिंदूने दृष्टी गेली. वाचनाचा नाद मात्र सुटला नाही. खांद्याला लॅपटॉपची बॅग, एका कानात इअरफोन आणि दुसरा कान आमच्या गप्पांकडे. मागच्या पावसाळ्यात ते काउंटरपाशी आले नि म्हणाले, "ताई, तुमचं ते जुन्या पुस्तकांचं ऑनलाइन दालन उघडलं मी. पुस्तक सापडलं. पण हा म्हणतोय, पान कोरं आहे. जरा बघता का?"

मी बघितलं. पान कोरं नव्हतं. पिवळट कागद, कोपऱ्यात वाचनालयाचा गोल शिक्का, ठसठशीत टाइपातला मजकूर, सगळं जागच्या जागी. दोन वर्षं खपून आम्हीच ती पुस्तकं स्कॅन केली होती. नारळ फोडून दालनाचं उद्घाटनही झालं होतं.

काकांनी इअरफोन काढला आणि आवाज मोकळा सोडला. ते ज्याला ‘हा’ म्हणत होते तो त्यांचा स्क्रीन रीडर. तो इतका भरभर बोलत होता की मला एक शब्द लागेना. काका हसले. "थांबा, तुमच्यासाठी स्पीड कमी करतो." मग ऐकू आलं, फाइल रिकामी आहे.

खोटं तो बोलत नव्हता. स्क्रीन रीडरला आपल्यासारखी स्क्रीन ‘दिसत’ नाही. स्क्रीनवरच्या चित्रामागे संगणकात जी अक्षरं साठवलेली असतात, ती उचलून तो मोठ्याने वाचतो. काका वापरतात तो एनव्हीडीए. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने 2006 साली तो लिहायला घेतला, पुढे जेम्स तेह हा दुसरा अंध प्रोग्रामर त्याला येऊन मिळाला. विंडोजसाठी तो आजही फुकट मिळतो. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक आणि आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर आधीपासूनच असतो, आपण तो कधी चालू केलेला नसतो इतकंच.

आता आमचं स्कॅन केलेलं पुस्तक म्हणजे काय? पानांचे फोटो. फोटोत आपल्याला अक्षरं दिसतात, संगणकाच्या लेखी तिथे फक्त काळे-पांढरे ठिपके असतात. पंगतीत जेवणाऐवजी ताटाचा फोटो वाढावा, तसं आम्ही काकांना वाढलं होतं.

फोटोतून अक्षरं काढण्याच्या तंत्राला ओसीआर म्हणतात. टेसरॅक्ट नावाचं फुकट सॉफ्टवेअर हे काम करतं, आणि त्याला मराठी येतं. हल्लीच्या स्वच्छ छपाईवर ते चांगलं चालतं. खिळे जुळवून छापलेल्या, शाई फुटलेल्या जुन्या पानावर मात्र अडखळतं. ‘घ’चा ‘ध’ होतो, ‘भ’चा ‘म’, ‘थ’चा ‘य’, आणि जोडाक्षरांचं काय होईल ते सांगता येत नाही. ठाण्यात तर जुनी पुस्तकं रग्गड. इथलं मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 सालचं, त्यामुळे शहरात पुस्तकं जपायची सवय जुनी आहे. म्हणजे ओसीआर करून फाइल चढवली आणि हात झटकले, असं चालत नाही. कुणीतरी मूळ पान शेजारी ठेवून तपासावं लागतं. 16 पानांचा एक फॉर्मा तपासायला माझी अख्खी दुपार जाते.

मग शेकडो पुस्तकं कधी व्हायची? एकदम होणारच नाहीत. माझं मत असं की क्रमाने, दाखल क्रमांकाप्रमाणे सुरुवात करूच नये. ज्या पुस्तकाला वाचक आहे ते आधी. काकांनी मागितलं ते पहिलं.

तपासलेला मजकूर कोणत्या रूपात द्यायचा, हेही महत्त्वाचं. पीडीएफ छापील पानाच्या मापात अडकलेली असते, ईपब हे ई-पुस्तकाचं रूप मोकळं असतं. अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप जुळतात आणि प्रकरणावरून प्रकरणावर उडी मारता येते. त्यासाठी एक साधी शिस्त लागते. वर्डमध्ये प्रकरणाचं नाव नुसतं ठळक करायचं नाही, त्याला ‘हेडिंग’ म्हणून नोंदवायचं. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं. पण एनव्हीडीए वापरणारा ‘एच’ दाबून एका शीर्षकावरून पुढच्या शीर्षकावर जातो, आणि नुसत्या ठळक अक्षरांवर त्याची गाडी थांबत नाही. दीडशे पानं सरळ ऐकत बसायची, किंवा हवं ते प्रकरण दोन सेकंदांत गाठायचं, एवढा फरक.

इथवर ठीक होतं. खरा घोळ निघाला तो पुस्तकांत नव्हे, आमच्या सूचीत.

पूर्वी दाखल नोंदवहीवरून संगणकात नोंदी भरल्या तेव्हा सगळीकडे होते ते जुने मराठी फॉन्ट. युनिकोड रुळायच्या आधीचे. या फॉन्टची गंमत अशी की संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरंच राहतात, फॉन्ट त्यांना मराठीचा मुखवटा चढवतो. कृतिदेव या अशाच एका फॉन्टमध्ये ‘राम’ लिहायचं तर आपण जे, के आणि ई या कळा दाबतो. स्क्रीनवर राम. साठवलेलं जे-के-ई. मुखवटा असेपर्यंत कुणाला कळत नाही. पण स्क्रीन रीडर मुखवट्याच्या मागे बघतो, म्हणून काकांना लेखकाच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा खडखडाट ऐकू येत होता.

युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. ‘क’ म्हणजे 2325, मग फॉन्ट कुठलाही लावा आणि यंत्र कुठलंही असो. देवनागरी त्यात 1991 पासून, पहिल्या आवृत्तीपासून आहे. तरीही मराठी कार्यालयांत, छापखान्यांत आणि वाचनालयांत जुने फॉन्ट वर्षानुवर्षं टिकले, कारण छापून निघणाऱ्या कागदावर फरक दिसत नव्हता.

हे बदलायला कन्व्हर्टर मिळतात. ते वापरावेत, पण डोळे झाकून नाही. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, जशी ती दिसते तशी. युनिकोडमध्ये आधी अक्षर, मग वेलांटी. रफाराचं उलटं. ‘सूर्य’मधला रफार तेव्हा शेवटी यायचा, युनिकोडमध्ये ‘र’ हा ‘य’च्या आधी बसतो. कन्व्हर्टरला ही अदलाबदल करावी लागते आणि जोडाक्षराला वेलांटी असली की तो कधीकधी गडबडतो. शिवाय ‘ॲ’ हे एकच दिसणारं अक्षर दोन तऱ्हांनी साठवलं जातं. एक स्वतंत्र अक्षर म्हणून, दुसरं ‘अ’वर चंद्र देऊन. वाचक एका तऱ्हेने शोधणार, नोंद दुसऱ्या तऱ्हेची असणार, आणि उत्तर येणार ‘एकही पुस्तक सापडलं नाही’.

हे लक्षात आलं तेव्हा मला घाम फुटला. कारण न सापडणं फक्त काकांपुरतं नव्हतं. फोनवर मराठी टाइप करणारा प्रत्येक जण युनिकोडमध्येच टाइप करतो. आमच्या सूचीत निम्म्या नोंदी मुखवटेवाल्या. म्हणजे डोळस वाचकही शोधत होते, त्यांनाही पुस्तक मिळत नव्हतं, आणि ‘यांच्याकडे नसेल’ म्हणत ते निघून जात होते. पुस्तक इकडे कपाटात! काका तेवढे काउंटरपर्यंत आले म्हणून आम्हाला कळलं.

मजकूर आणि सेवा सगळ्यांना वापरता येतील अशा ठेवण्याला मराठीत सुगम्यता म्हणतात. शब्द सरकारी वाटतो, कारण तो सरकारी कागदातूनच आला. लोक त्याचा संबंध वेबसाइट बनवणाऱ्याशी लावतात. माझा अनुभव असा की बरीचशी मोडतोड त्याच्या आधीच झालेली असते. नोंदी टाइप करणाऱ्याच्या टेबलावर आणि स्कॅनरच्या काचेवर.

वेबसाइटवाल्याचं काही नसतं असं मात्र नाही. एक छोटी गोष्ट बघा. प्रत्येक वेब पानाच्या सुरुवातीला, वाचकाला न दिसणाऱ्या जागी, पानाची भाषा लिहायची असते. आमच्या मराठी पानांवर तिथे इंग्रजी लिहिलेलं होतं, कारण साचा तयार उचललेला. अशा वेळी स्क्रीन रीडर मराठी मजकूर इंग्रजी आवाजाच्या हवाली करतो. भाषा हिंदी लिहिली तर हिंदी आवाज वाचतो, मग ‘चाळ’ आणि ‘झाड’ यांतले आपले खास उच्चार बिघडतात. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीकमध्ये मराठी आवाज आहे, अँड्रॉइडवरही आहे. पानावर ‘मराठी’ असं नोंदवायला दोन अक्षरं पुरतात. ती दोन अक्षरं आमच्याकडे कित्येक वर्षं चुकीची होती.

मग फॉर्म. पुस्तकाची मुदत वाढवण्याचा आमचा फॉर्म काकांनी उघडला तर ‘एडिट, ब्लँक. एडिट, ब्लँक. एडिट, ब्लँक.’ तीन चौकटी, पण कोणत्या चौकटीत सभासद क्रमांक, कोणत्या चौकटीत तारीख? डोळ्यांना चौकटीच्या डावीकडे शब्द दिसतो, पण तो शब्द या चौकटीचा आहे हे कोडमध्ये जोडावं लागतं. जोडलं की तोच आवाज ‘सभासद क्रमांक’ म्हणतो. त्याखाली वेडीवाकडी अक्षरं ओळखायला लावणारा कॅप्चा. तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा, आणि सिद्ध करायचं ते डोळ्यांनीच! आम्ही तो काढून टाकला. मुदतवाढीच्या फॉर्मवर चोरी ती काय होणार?

मुखपृष्ठांची चित्रं ही दुसऱ्या टोकाची गोष्ट. चित्राला वर्णन द्या असं कुठेतरी वाचून आम्ही उत्साहाने प्रत्येक मुखपृष्ठाला पुस्तकाचं नाव जोडलं. परिणाम असा की काकांना प्रत्येक नाव दोनदा ऐकावं लागे, एकदा चित्राचं आणि लगेच खाली मजकुरातलं. शेजारी नाव लिहिलेलं असेल तर चित्राचं वर्णन मुद्दाम रिकामं सोडायचं असतं. नकाशाला, आलेखाला, कार्यक्रमाच्या पत्रिकेच्या फोटोला मात्र वर्णन हवंच. कार्यक्रमाची वेळ-ठिकाण असलेली पत्रिका नुसती जेपीजी करून टाकायची सवय आपल्याकडे फार आहे.

आतापर्यंत मी अंध वाचकाबद्दलच बोलत राहिले, कारण मी शिकले काकांकडून. पण माजिवड्याच्या एक आजी आहेत, त्यांना कंपवात आहे. फोनवर एकमेकांना चिकटलेली बारीक बटणं त्यांच्या थरथरत्या बोटाला सापडत नाहीत, ‘मुदतवाढ’ऐवजी ‘रद्द’ दाबलं जातं. ओटीपी टाइप होईपर्यंत वेळ संपते. बटण मोठं करणं आणि वेळ वाढवून मागायची सोय ठेवणं, एवढंच त्यांना हवं होतं. जगभर वापरले जाणारे डब्ल्यूसीएजी नावाचे निकष आहेत, त्यांच्या 2023 सालच्या 2.2 या आवृत्तीत बटणाचं किमान माप 24 बाय 24 पिक्सेल दिलंय. मी म्हणेन त्याच्या दुप्पट ठेवा.

याच निकषांत रंगांचाही हिशेब आहे. साध्या आकाराचा मजकूर आणि मागची पार्श्वभूमी यांच्यातला उजेडाचा फरक किमान 4.5:1 हवा. पांढऱ्यावर काळा म्हणजे 21:1. आपल्याकडे लाडका असलेला, पांढऱ्यावर भगवा मजकूर जेमतेम 2:1 भरतो. मोतीबिंदू सुरू झालेल्या माणसाला ते शीर्षक म्हणजे धुकं. भगवा पट्टा ठेवा आणि त्यावर काळी अक्षरं लिहा, प्रश्न मिटला.

कर्णबधिर वाचकांसाठी व्याख्यानांच्या व्हिडिओखाली मजकूर हवा, आणि तो माणसाने तपासलेला. आपोआप उमटणाऱ्या मजकुरात गावांची आणि माणसांची नावं हमखास चुकतात. खुणांची भाषा हीच ज्यांची पहिली भाषा, त्यांना मराठी ही दुसरी भाषा असते, म्हणून सूचना छोट्या, सरळ वाक्यांत लिहिलेल्या बऱ्या. आणि व्हीलचेअर वापरणारा कासारवडवलीचा मुलगा? त्याला वेबसाइट वाचायला काहीच अडचण नाही. त्याची अडचण घोडबंदर रोड आणि आमचा लिफ्ट नसलेला पहिला मजला. त्याच्या दृष्टीने ऑनलाइन सेवा हेच वाचनालय.

एक गंमत सांगते. पुष्कळ वेबसाइटच्या माथ्यावर ‘अ+ अ-’ अशी बटणं असतात, आणि ‘स्क्रीन रीडर’ नावाचा दुवा. अक्षर मोठं करायची सोय प्रत्येक ब्राउझरमध्ये असतेच, कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह दाबा. स्क्रीन रीडरचा तो दुवा उघडला की ही सॉफ्टवेअरं कुठून उतरवायची त्याची यादी येते. काका म्हणतात, "तो दुवा मला ऐकू येतोय म्हणजे माझ्याकडे हा आहेच की!" हल्ली पानाच्या कोपऱ्यात लावायची तयार ‘सुगम्यता’ बटणंही विकत मिळतात. आमच्या समितीत कुणीतरी सुचवलं. त्याने रंग उलटे होतात, अक्षर मोठं होतं, पण मुखवट्यामागचं जे-के-ई तसंच राहतं. पैसे वाचवा.

कायद्याचं थोडक्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 हा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. 1995 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 7 प्रकार होते, आता 21 आहेत, आणि त्यांत अक्षरं उलटसुलट लागणारी शाळकरी मुलंही येतात. ध्वनी, छापील आणि इलेक्ट्रॉनिक मजकूर सुगम्य असावा, हे कलम 42 सांगतं. 8 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात, सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीपुरते ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक हवेत, असा निकाल दिला. 30 एप्रिल 2025 ला आणखी एका निकालात डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. ही माणसं मोजकी आहेत असं कुणाला वाटत असेल, तर 2011 च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात 29 लाखांहून जास्त दिव्यांग नोंदले गेले, तेही जुन्या, तोकड्या व्याख्येने. (काकांना ‘दिव्यांग’ शब्द आवडत नाही. "आंधळा म्हणू नका, अंध म्हणा, बास," असं ते म्हणतात. कायद्याचं नाव आहे म्हणून मी वापरते.)

समितीत सगळ्यात जास्त भीती निघाली ती कॉपीराइटची. ‘आपण पुस्तकाची टाइप केलेली फाइल दिली तर प्रकाशक कोर्टात खेचेल.’ लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षं उलटली की पुस्तक मुक्त होतं, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणारे वि. ल. भावे 1926 साली गेले, त्यांचं लिखाण केव्हाच मुक्त झालं. पण हयात लेखकाच्या पुस्तकाचं काय? 2012 साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, त्यातलं कलम 52 चं पोटकलम प्रत्येक ग्रंथपालाने एकदा वाचावं. दिव्यांग वाचकाला नेहमीच्या रूपातलं पुस्तक वाचता येत नसेल तर त्याच्यासाठी वाचता येईल अशी प्रत करून देता येते. शासनमान्य ग्रंथालयालाही हे करता येतं, आणि कायद्यात तसा स्पष्ट उल्लेख आहे. अटी अशा की नफा घ्यायचा नाही, फार तर करण्याचा खर्च घ्यायचा, आणि ती प्रत दिव्यांग वाचकांखेरीज बाजारात फिरू नये याची काळजी घ्यायची. म्हणजे फाइल सगळ्यांसाठी खुल्या दालनात टाकायची नाही, सभासदाला द्यायची. मराकेश करार हा आंतरराष्ट्रीय करार याच विचाराने 2013 साली झाला आणि त्याला सगळ्यात आधी, 2014 मध्ये, मान्यता देणारा देश भारत होता.

शिवाय प्रत्येक पुस्तक आपणच करायला हवं असं नाही. 24 ऑगस्ट 2016 ला सुरू झालेलं ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांसाठीच आहे. तिथे आधी बघावं. आम्ही काकांचं खातं उघडून दिलं आणि त्यांच्या यादीतली काही पुस्तकं तिथेच निघाली.

तुमच्या वाचनालयाला हे करायचं असेल, तर पहिली तपासणी फुकटात होते. माउस काढून ठेवा आणि फक्त टॅब कळेने मुदतवाढ करून बघा. आपण कुठे आहोत ती चौकट दिसते का, कुठे अडकतो का. मग फोनवर टॉकबॅक चालू करून सूचीत एक पुस्तक शोधा. आधी बंद कसा करायचा ते बघून ठेवा, बहुतेक फोनवर आवाजाच्या दोन्ही कळा तीन सेकंद दाबून धरल्या की होतो. मी ते न बघता चालू केला होता आणि तलावपाळीवर माझा फोन शेजारच्या बाकापर्यंत ऐकू जाईल इतक्या जोरात माझे मेसेज वाचत होता.

नवी वेबसाइट करून घेत असाल तर कार्यादेशातच लिहा, डब्ल्यूसीएजी 2.1 ची डबल ए, म्हणजे मधली, पातळी आणि सुगम्यतेचं भारतीय मानक 17802. आणि शेवटचा हप्ता अंध वाचकाने वापरून ‘चालतंय’ म्हटल्यावर. आमच्या ठेकेदाराने आधी कुरकुर केली. मग एक दिवस काकांच्या शेजारी बसून त्याने तो फॉर्म ऐकला, ‘एडिट, ब्लँक’ तीनदा ऐकलं, आणि चौकटींना नावं जोडायचं काम तिथेच बसून वीस मिनिटांत केलं.

काकांनी मागितलेलं पुस्तक दिवाळीनंतर तयार झालं. मीच तपासलेलं, त्यामुळे जरा अभिमानाने त्यांच्या पेनड्राइव्हवर दिलं. चार दिवसांनी ते काउंटरला आले. आवडलं का विचारलं तर म्हणाले, "पान 14 वर ‘घर’चं ‘धर’ राहिलंय. 31 वर दोनदा. कागद घ्या, सांगतो पुढचं."